जुन्या स्वेटरची पिशवी: आटवून की उसवून?

मुंबईत स्वेटर महाबळेश्वरपुरताच. बोहारणीला देण्याआधी त्याची पिशवी करून बघा.

शंभर टक्के लोकर असेल तर आटवा: गरम पाणी, साबण, भरपूर घुसळणं. वीण मिटून जाड नमदा, म्हणजे घट्ट दाबल्यासारखं लोकरीचं कापड, होतो. कापला तरी धागे सुटत नाहीत. बाह्यांचे बंद केले की एका दुपारीत काम फत्ते.

अ‍ॅक्रिलिक मात्र काही केल्या असं आटत नाही. ते उसवायचं. आधी शिवण बघा. कापड कापून कडा ओव्हरलॉक केलेली, म्हणजे मशीनवर धाग्याने गुंडाळून शिवलेली, असेल तर हाती तुकडेच येतात. धागा शेवयांसारखा कुरळा निघतो. लडी भिजवून, खाली वजन टांगून वाळवायची, मग क्रोशाची सुई. आठवडा जातो. शिवाय क्रोशाची पिशवी ताणली जाते: माझी कांदे भरून दादरहून निघाली तेव्हा कमरेशी होती, घरी पोचेपर्यंत गुडघ्याशी. अस्तर लावाच.

मला आटवलेलीच आवडते, पण पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही.