घरच्या ऑक्सिजनसाठी सिलिंडर घ्यावा की कॉन्सन्ट्रेटर?

‘घरी ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर, दिवसातून किमान पंधरा तास’ अशी ओळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उमटली की औषधाच्या दुकानात ती दाखवून भागत नाही. दवाखान्याबाहेर पडेपर्यंत कोणी सिलिंडरवाल्याचा नंबर देतो, कोणी मशीन भाड्याने देणाऱ्याचा, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबरच बोलत असतात. आमच्या घरी आईसाठी आधी सात महिने सिलिंडर होता आणि त्यानंतर गेली अडीच वर्षे कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारे मशीन, आहे. पुढे जे लिहिले आहे ते या दोन अनुभवांवरून लिहिले आहे. आमचे घर मिरजेजवळच्या एका गावात, जुने आणि बैठे आहे. शहरातल्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा निघू शकेल, हे आधीच मान्य करतो.

निवडीआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी, ती म्हणजे ऑक्सिजनची गरज खरोखर कायमची आहे का. आईने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, पण चाळीस वर्षे चुलीपुढे काढली. तिच्या धापेला बरीच वर्षे सगळे दमाच म्हणत राहिले आणि त्याप्रमाणे गोळ्या चालू राहिल्या. नळीत जोराने फुंकायची स्पायरोमेट्री चाचणी झाली, तेव्हा कुठे सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचे, निदान झाले. ऑक्सिजनचा निर्णय मात्र त्या चाचणीवर होत नाही; तो मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन करायच्या तपासणीवर होतो. विश्रांतीच्या अवस्थेत रक्तातील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ५५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, अथवा बोटावरच्या यंत्रात ८८ टक्के किंवा त्याहून कमी, ही दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे. ज्यांचे आकडे विश्रांतीत ८९ ते ९३ च्या दरम्यान राहतात, अशा रुग्णांना घरी ऑक्सिजन देऊन फारसा फायदा होत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७३८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत दिसले. शिवाय छातीतल्या जंतुसंसर्गाने दवाखान्यात भरती झालेल्या माणसाला घरी सोडताना ऑक्सिजन लिहून दिला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. पुष्कळांचा आकडा तोवर सुधारलेला असतो. म्हणून पहिल्या महिन्यात कोणतीच वस्तू विकत घेऊ नये, भाड्याने आणावी, असे माझे मत आहे.

आता सिलिंडरकडे येऊ. त्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. तो आवाज करत नाही, वीज मागत नाही, आणि त्याच्यातला ऑक्सिजन ९९ टक्क्यांच्या वरचा असतो. बिघडण्यासारखे त्यात जवळजवळ काहीच नाही. चावी, रेग्युलेटर आणि पाण्याची बाटली एवढाच संसार. पण दोन लिटरच्या वेगाने पंधरा तास म्हणजे दिवसाला १८०० लिटर. लहान ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर मावतो, म्हणजे तो एक दिवसही पुरत नाही. ‘जम्बो’त सात हजारांच्या आसपास मावतो, तो चार दिवसांना थोडा कमी पडतो. आमच्याकडे दोन जम्बो होते. एक चालू आणि एक भरून आणलेला. आठवड्यातून दोनदा टेम्पो, दोन माणसे, दारापासून माजघरापर्यंत फरशीवरून कलता गोल फिरवत नेण्याची कसरत, आणि ज्या आठवड्यात सण असेल त्या आठवड्यात भरणारा सुट्टीवर. हे सगळे त्रासाचे होते, पण अंगवळणी पडले होते. सिलिंडर सोडण्याचे कारण हे नव्हे.

कॉन्सन्ट्रेटरचे दुखणे वेगळे आहे. तो हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवून उरलेला ऑक्सिजन पुढे ढकलतो, त्यामुळे भरून आणायचे काही नसते, पण वीज गेली की त्याच क्षणी सगळे थांबते. पाच लिटरचे आमचे मशीन साडेतीनशे वॅट घेते, म्हणजे पंधरा-सोळा तासांना दिवसाकाठी पाच-साडेपाच युनिट. महिन्याला दीडशेच्या वर. वीजबिलात शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की दर चढतो, तेव्हा बिलाला जो फुगवटा येतो तो नुसत्या मशीनच्या युनिटांपेक्षा मोठा दिसतो. तरीही जम्बो भरण्याचा आणि टेम्पोचा खर्च त्याच्याशेजारी मांडला, तेव्हा आमच्या घरी तरी मशीनच स्वस्त पडले. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. आमच्या दीडशे अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर मशीन तीन तासांच्या आसपास चालते, आणि ती बॅटरी जुनी होत जाईल तसे कमी.

इथपर्यंतचा हिशेब मी सिलिंडर असतानाच एका कागदावर मांडला होता आणि तो कागद पाहून मला कुठलाच निर्णय घेता आला नव्हता. निर्णय झाला तो सिलिंडरमध्ये किती उरले ते दाखवणाऱ्या, रेग्युलेटरवरच्या काट्यामुळे.

काटा सगळ्यांनाच दिसतो, आणि आईला तो जरा जास्तच दिसायचा. जिने आयुष्यभर रॉकेल मोजून वापरले, गॅसचा सिलिंडर कधी लावला त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, ती बाई काटा खाली सरकताना पाहत स्वस्थ कशी बसणार? दुपारी मी कामावर असताना ती चावी फिरवून सिलिंडर बंद करायची आणि माझ्या गाडीचा आवाज आला की पुन्हा चालू करायची. हे मला बरेच दिवस कळले नाही. कळले ते असे, की चार दिवसांत संपायला हवा तो जम्बो आठ दिवस पुरू लागला आणि मला वाटले, भरणाऱ्याने या वेळी जास्त भरून दिला. विचारल्यावर तिचे उत्तर सरळ होते. “बसल्या जागी मला काय लागतंय रे? लागेल तेव्हा घेते की.” तिला समजावले, डॉक्टरांनीही समजावले; आठवडाभर फरक पडायचा, मग पुन्हा काटा दिसायचा. रात्री तर ती उठून बॅटरीच्या उजेडात तो बघून यायची, आणि खरे सांगायचे तर मीही बघून यायचो. पहाटे तीन वाजता सिलिंडर बदलण्याची वेळ आली, पाना सापडला नाही, असे एकदाच झाले. पण त्या एका रात्रीनंतर घरात सलग झोप कोणालाच नव्हती.

हा प्रश्न केवळ स्वभावाचा असता तर एवढे लांबवले नसते. ऑक्सिजन हे धाप लागली की घ्यायचे औषध नाही. त्याचा उपयोग तासांवर ठरतो. १९८० साली अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या २०३ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला फक्त रात्री, सुमारे बारा तास, आणि दुसऱ्याला जवळजवळ दिवसभर ऑक्सिजन दिला होता, तर फक्त रात्रीच्या गटातील मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. १९८१ च्या ब्रिटिश चाचणीत पंधरा तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले, आणि न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. चिठ्ठीवरचे पंधरा तास तिथून आलेले आहेत. आईचे तास मी जम्बोच्या दिवसांवरून उलटे मोजले तेव्हा ते सात-साडेसात भरले. म्हणजे ९९ टक्के शुद्ध ऑक्सिजन घरात होता, आणि तो सिलिंडरमध्येच राहत होता.

कॉन्सन्ट्रेटरला असा काटा नाही, त्यात संपण्यासारखे काही दिसतच नाही. मशीन आल्यावर पहिल्याच आठवड्यात आई नळी लावून भाजी निवडायला बसली, आणि “हे चालूच असतं होय?” एवढे विचारून तिने तो विषय सोडून दिला. त्याच्यावर एकूण किती तास चालले ते दाखवणारा आकडा असतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो वहीत लिहून ठेवायचा आणि मागचा वजा करून तीसने भागायचे. आमचा आकडा पहिल्या महिन्यात चौदा आला आणि नंतर सोळाच्या आसपास स्थिरावला. अर्थात मशीन चालू आहे याचा अर्थ नळी नाकात आहे असा नव्हे. ती कधीकधी खुंटीवरही सापडते.

मशीनचा जाच नाही असे मुळीच म्हणत नाही. त्याचा घुर्र आणि दर काही सेकंदांनी फुस्स असा आवाज लहान खोलीत सहन होण्यासारखा नाही, आणि उन्हाळ्यात ते खोली तापवते. आम्ही ते ओसरीच्या आतल्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले आणि लांब नळी आत घेतली. तर मधल्या उंबऱ्यात नळी अडकून आई दोनदा पडता पडता वाचली. शेवटी नळी चौकटीच्या वरून, खिळ्यांवरून फिरवली. मागची जाळी दर आठवड्याला धुवावी लागते. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी मशीन दमट कोपऱ्यात ठेवू नये, कारण आतल्या खड्यांना ओल मानवत नाही.

शुद्धतेबद्दल विक्रेते बरेच बोलतात. चांगले मशीन ९३ टक्क्यांच्या आगेमागे देते, आणि मिनिटाला एक-दोन लिटर घेणाऱ्या माणसाला ९३ आणि ९९ यांतला फरक जाणवण्याचे कारण नाही. धोका आहे तो स्वस्त मशीनचा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजनसाठी जी धावाधाव झाली, तीत मिळेल ते मशीन लोकांनी घेतले, आणि त्यांतली काही आजही ‘फारसे वापरलेले नाही’ म्हणून विकायला येतात. त्यांतल्या काहींवर पाच लिटर लिहिलेले असते, पण पाचावर ठेवले की शुद्धता घसरते. शुद्धता कमी झाल्यावर इशारा देणारा दिवा आहे का, तासांचा आकडा किती आहे आणि जवळच्या शहरात दुरुस्ती करणारा आहे का, एवढे तरी पाहूनच पैसे द्यावेत.

आणखी एका बाबतीत मशीनचा मर्यादितपणाच मला सोयीचा वाटला. सिलिंडरचा फ्लोमीटर, म्हणजे मिनिटाला किती लिटर सोडायचे ते ठरवणारा भाग, पंधरापर्यंत जातो, आणि भेटीला आलेले प्रत्येक पाहुणे आपुलकीने तो थोडा वाढवून जातात. सीओपीडीच्या काही रुग्णांत ऑक्सिजन जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. सकाळी डोके जड होते, माणूस गुंगीत राहतो. म्हणूनच अशांसाठी लक्ष्य ९८-९९ चे नसून ८८ ते ९२ टक्क्यांचे धरतात. दिवाळीत एकदा आई दुपारी बाराला उठवूनही नीट उठेना, तेव्हा फ्लोमीटर सहावर सापडला होता. मशीन पाचावर थांबते. तेही आईला जास्तच आहे, म्हणून आम्ही दोनच्या रेषेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला आहे.

आगीची काळजी दोन्हीकडे सारखीच. देवघरात समई, निरांजन, उदबत्ती; त्यामुळे पूजेच्या वेळी नळी काढायची, मशीन बंद करायचे आणि पदरात, केसांत मुरलेला ऑक्सिजन जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, असा नेम केला आहे. गॅसच्या शेगडीपाशीही नळी लावून जायचे नाही. नाक कोरडे पडते म्हणून आई खोबरेल तेलाचे बोट फिरवायची, ते बंद करून डॉक्टरांनी पाण्यात मिसळणारे मलम दिले. तेल किंवा ग्रीस सिलिंडरच्या आट्यांना तर चुकूनही लागू देऊ नये.

एवढे सांगूनही काही घरांत सिलिंडरच योग्य ठरेल. ज्यांच्या फुप्फुसांत जाळे धरलेले आहे (फायब्रोसिस) आणि ज्यांना मिनिटाला पाच लिटरहून जास्त लागतो, त्यांना पाच लिटरचे मशीन पुरणार नाही. त्यांनी दहा लिटरचे मशीन किंवा सिलिंडर याविषयी डॉक्टरांशीच बोलावे. जिथे वीज दिवसदिवस जाते तिथे मशीनवर भिस्त ठेवणे धाडसाचे आहे. आणि गरज दोन-तीन आठवड्यांचीच असेल तर सिलिंडरचा साधेपणा हवाहवासा वाटेल. खांद्याला लटकवायची बॅटरीवरची लहान मशीन आम्ही आठवडाभर भाड्याने वापरून पाहिली. असली बरीचशी मशीन फक्त श्वास आत घेतानाच झोत सोडतात. आईचा श्वास झोपेत इतका उथळ होतो की मशीनला तो जाणवत नसे आणि ते ओरडत राही. मामाकडे जाऊन येण्यापुरते ते ठीक होते, रात्रीसाठी नव्हे.

सध्या आमच्याकडे ओसरीत मशीन आहे, जिन्याखाली इन्व्हर्टर आहे, आणि माजघराच्या कोपऱ्यात एक भरलेला बी टाइप साखळीने भिंतीला बांधून ठेवला आहे. रेग्युलेटर त्यालाच लावलेला आणि पाना दोरीने त्याच्याच गळ्यात अडकवलेला. दोन लिटरवर तो बारा तास चालतो आणि गेल्या अडीच वर्षांत तो आम्हाला तीनदा उघडावा लागला. काट्यावर आईने स्वतःच हातरुमाल टाकून ठेवला आहे. वीजबिल मी मोबाइलवर भरतो आणि त्याचा कागद घरात येणार नाही, एवढी व्यवस्था मात्र केली आहे.