50-34 चेनरिंगची जोडी: आखूड दाते, खिळे आणि ती एक पिन

चेनरिंग म्हणजे पॅडलजवळची, चेन फिरवणारी दातेरी चकती. रोड बाईकच्या पाच भुजांच्या क्रँकवर (पॅडल ज्याला लागतं त्या दांड्यावर) बसणारी ही ॲल्युमिनियमची जोडी. मोठ्या रिंगला 50 दाते, छोटीला 34, आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास 110 मिमी. खोक्यातून मोठी रिंग काढली की काही दाते आखूड आणि काही एका बाजूने तिरपे कापलेले दिसतात. पुष्कळ जण इथेच माल खराब निघाला असं समजून रिंग परत करायला निघतात, आणि काही दुकानांत तर कानस मारून दाते ‘सारखे’ करून दिले जातात. तसं अजिबात करू देऊ नका. या जोडीचे पैसे त्या कापलेल्या दात्यांचेच आहेत.

मोठ्या रिंगची आतली बाजू बोटाने चाचपून पाहा. पोलादी खिळे बसवलेले लागतील आणि त्यांच्याजवळ उतरत्या खाचा. डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, चेनला मोठ्या रिंगकडे ढकलतो, पण वर उचलण्याचं काम हे खिळे करतात: कडीची बाहेरची पट्टी खिळ्यावर टेकते आणि रिंग फिरेल तशी चेन वर येते. जवळचे दाते तिरपे असतात, म्हणून कडी अडखळत नाही. आखूड दात्यांपाशी चेनला रिंग सोडायला वाट मिळते, त्यामुळे 50 वरून 34 वर उतरताना झटका कमी बसतो. या जागा ठरवताना पायाचा जोर कुठे कमी असतो तेही पाहिलेलं असतं. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना घाट लागल्यावर गिअर उतरवला की हा फरक लगेच कळतो. साधी, सगळे दाते सारखे असलेली रिंग तिथे चेन खरडत ठेवते.

खिळे आणि खाचा समोरच्या रिंगच्या दात्यांशी जुळवलेल्या असतात, म्हणून रिंगा जोडीनेच घ्या. 34 काढून तिथे 39 लावली तर सायकल चालेल, पण चेन योग्य जागी खिळ्याला भेटणार नाही.

आता पिन. मोठ्या रिंगच्या बाहेरच्या अंगाला एकच पिन ठळक पुढे आलेली असते. तिची जागा क्रँकच्या, पॅडल लागतं त्या लांब दांड्याच्या मागे. चेन मोठ्या रिंगवरून बाहेर उडाली तर ती रिंग आणि क्रँकच्या फटीत घुसून बसते, आणि ओढून काढताना क्रँकवर खोल ओरखडे उमटतात. पिन ती फट बंद करते. छोट्या रिंगला आतल्या कडेला बारीक उंचवटा असतो, तोही त्याच दांड्याच्या रेषेत यायला हवा. रिंग धरणाऱ्या पाच भुजा समान अंतरावर असल्याने रिंग पाच प्रकारे बसते, त्यातला बरोबर एकच. चुकीच्या जागी बसवली तरी बोल्ट आवळले जातात, सायकल चालते, आणि गिअर नीट पडत नाहीत म्हणून दोष डिरेलरला लावला जातो. जोडीबाबतच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

बसवताना क्रँक काढून घ्या, नाहीतर छोटी रिंग निघत नाही. बोल्टाचं डोकं बसायची खोलगट बाजू मोठ्या रिंगला बाहेर आणि छोट्या रिंगला आत असते. छोटी उलटी लागली तर दोन रिंगांमधलं अंतर बिघडतं आणि चेन मधल्या फटीत पडते. बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावा. ग्रीस नसेल तर चार दिवसांत प्रत्येक पॅडलला कट-कट सुरू होते आणि लोक बॉटम ब्रॅकेट (क्रँक जिच्यावर फिरते ती बेअरिंगची जोडणी) बदलतात. बोल्टाला बहुधा 5 मिमीची ॲलन की लागते. मागची नट फिरू नये म्हणून खाचेत बसणारा चपटा पाना घ्या, स्क्रूड्रायव्हर निसटून रिंग खरवडतो. एक सोडून एक बोल्ट थोडाथोडा आवळत जा आणि पोलादी बोल्ट शेवटी 8 ते 10 न्यूटन-मीटरवर आणा. मग डिरेलरच्या बाहेरच्या पट्टीची खालची कडा आणि मोठ्या रिंगच्या दात्यांची टोकं यांत 1 ते 3 मिमी अंतर ठेवा.

मराठवाड्यात या जोडीची खरी परीक्षा पावसाळ्यात. काळ्या रानातल्या पांदण रस्त्याचा चिकट चिखल खिळ्यांभोवती बसून वाळला की खिळे बुजतात आणि चेन त्यांच्यावरून घसरते. बादलीभर पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो, तो नको. उन्हाळ्यात उलटी अडचण: जादा तेलात धूळ बसून चेनवर काळी राळ तयार होते, आणि ती रिंग कानशीसारखी झिजवते. चेनच्या दर रोलरला (कडीतल्या गोल नळीला) एक थेंब, दहा मिनिटं थांबून फडक्याने पुसून काढणं, एवढंच तेल बरोबर.

झीज ओळखताना आखूड दात्यांवर जाऊ नका. मूळचे आखूड दाते ठरावीक जागीच असतात. झिजलेल्या रिंगचे लागोपाठचे सगळे दाते विळ्यासारखे एका बाजूला वाकतात. चेन मोजायला पोलादी पट्टी लावा: नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्या बारा आणि एक अष्टमांश इंच झाल्या असतील तर नुसती चेन बदलून भागेलच असं नाही.

रोज शेतरस्त्यानेच जाणाऱ्याने ही जोडी घेऊ नये. त्याला पुढे एकच, जाड-बारीक दात्यांची रिंग हवी. ही रचना सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने 2012 मध्ये एक्सएक्स1 या गिअर-संचासोबत आणली. जाड दाता बाहेरच्या पट्ट्यांमधल्या रुंद जागेत बसतो, बारीक दाता आतल्या कडीत, म्हणून खड्ड्यात आदळूनही चेन सहजी उतरत नाही. तिचे दाते नेहमी सम संख्येत असतात. चेन एका कडीने सरकून बसली तर ती दात्यांवर तरंगते, तेव्हा काढून पुन्हा बसवा.

घेताना खिशात एक लोहचुंबक न्या. ‘ॲल्युमिनियमची’ म्हणून दिलेल्या रिंगच्या अंगाला तो चिकटला तर ती पोलादी आहे. खिळ्यांना तर तो चिकटायलाच हवा.