ओपीएनसेन्स फायरवॉल: आधी पत्ता बदला, मग बाकीचे

वरूड तालुक्यातील आमचे घर, गोठा आणि संत्र्याच्या बागेतील विहिरीवरचे कॅमेरे एकाच फायबर जोडणीवर चालतात. त्यांच्या संरक्षणासाठी दोन नेटवर्क पोर्ट असलेल्या जुन्या संगणकावर मी ओपीएनसेन्स हे फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीवर आधारलेले मोफत फायरवॉल, म्हणजे नको असलेल्या जोडण्या अडवणारे, सॉफ्टवेअर बसवले असून, गेल्या मृग बहारापासून ते अखंड वापरत आहे.

बसवायला अर्धा तास पुरला, पण इंटरनेट काही येईना. कंपनीने बसवून दिलेल्या फायबरच्या डब्याचा नेटवर्कवरील पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१ होता आणि ओपीएनसेन्सच्या घरच्या बाजूचा मूळ पत्ताही तोच असतो. एकाच नावाच्या दोन गावांना खुर्द आणि बुद्रुक न लावता सोडले तर टपालाचे जे होईल, तेच येथे माहितीचे झाले. स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून, कन्सोलच्या (थेट आज्ञा देण्याच्या पडद्यावरील) यादीतील २ क्रमांकाच्या पर्यायाने पत्ता बदलताच जोडणी सुरू झाली.

कोणता पत्ता घ्यावा, यावर मात्र मी दोन दिवस विचार केला आणि तो सार्थकी लागला. इंटरनेटच्या १९९६ च्या आरएफसी १९१८ या नियमपत्रानुसार खासगी वापरासाठी तीन मालिका राखीव आहेत: १० ने सुरू होणारी सर्वांत मोठी, १७२.१६ ते १७२.३१ ही मधली आणि १९२.१६८ ही सर्वांच्या ओळखीची. माझा मुलगा नागपुरात खोली करून राहतो व वायरगार्डने (दुरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणाऱ्या व्हीपीएनने) घरचे कॅमेरे पाहतो. त्याच्या खोलीतील वायफायची आणि आमची मालिका एकच असती, तर त्याचा फोन आमचा कॅमेरा त्याच्या खोलीतच शोधत बसला असता. मधली मालिका डॉकर हे संगणकावर प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे सॉफ्टवेअर वापरते, म्हणून ती टाळली. शेवटी १०.८३ घेतले, घराला १०.८३.१०, कॅमेऱ्यांना १०.८३.२० आणि पाहुण्यांच्या वायफायला १०.८३.३०. प्रत्येकात २५४ उपकरणे मावतात, म्हणजे आमच्या गरजेच्या कितीतरी पट. तिसऱ्या आकड्यावरून उपकरण कुठले हे लगेच कळत असल्यामुळे कॅमेऱ्यांना इंटरनेटवर जाऊ न देण्याचा नियम एका ओळीत लिहिता आला.

नियमांची मांडणी स्वच्छ आहे आणि नोंदवहीत अडवलेली प्रत्येक जोडणी वेळेसह दिसते, हे मला सर्वाधिक आवडले. वीज गेल्यावर संगणक बंद पडू नये म्हणून त्याला यूपीएस जोडणे आवश्यक आहे. नवा पत्ता मी कागदावर लिहून संगणकाच्या पाठीवर चिकटवला आहे, म्हणजे मी गावी नसताना धाकट्या भावाला तो शोधावा लागणार नाही.