ट्रॅव्हल ईसिम बरेच महिने वापरल्यावर: जीबी नंतर बघा, नेटवर्क आधी बघा

कामामुळे गेले बरेच महिने या देशातून त्या देशात असं सतत फिरणं चालू आहे आणि या सगळ्या काळात मोबाईलच्या नेटसाठी मी जवळजवळ पूर्णपणे ट्रॅव्हल ईसिमवरच आहे. ईसिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, आणि प्रवासासाठी विकतात ते ट्रॅव्हल ईसिम. एकाच कंपनीचं नाही, वेगवेगळ्या कंपन्यांची घेतली, एका देशाची घेतली, अख्ख्या खंडाची घेतली, ठरावीक जीबीची घेतली आणि अनलिमिटेड लिहिलेलीही घेतली. आधी निकाल सांगते. प्रकार चांगला आहे, फोनमध्ये चालत असेल तर घ्याच. पण घेताना बहुतेक जण किती जीबी आणि किती दिवस एवढंच बघतात, आणि अनुभव चांगला येणार की डोकं फिरणार हे ठरतं वेगळ्याच दोन गोष्टींवर. एक, ते सिम तिथल्या कुठल्या नेटवर्कवर चालतं, आणि दोन, त्याचा डेटा कुठल्या देशातून बाहेर पडतो. हे दोन्ही प्लॅनच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच, मग विचारावं लागतं.

फोनमध्ये चालतं का हे बघायला डायलरवर *#०६# टाका, आयएमईआय (फोनच्या ओळखीच्या) नंबरच्या यादीत ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ईसिमचा ओळख क्रमांक, दिसला म्हणजे ईसिम आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आलं, अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून तर सिमचा ट्रेच काढून टाकलाय. उलट चीनमध्ये विकलेल्या बऱ्याच आयफोनमध्ये ईसिम नसतं, त्यामुळे फोन कुठून आणलाय तेही बघा. आणि फोन एखाद्या मोबाईल कंपनीला लॉक असेल, म्हणजे फक्त तिचंच सिम घेत असेल, तर ईसिम असूनही काही उपयोग नाही, आधी अनलॉक करून घ्या.

आता नेटवर्कचं. या ट्रॅव्हल ईसिम विकणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या कुठल्यातरी मोबाईल कंपनीच्या रोमिंग करारावर चालतात. म्हणजे ज्या देशात तीन-चार कंपन्यांचे टॉवर आहेत तिथे तुमचं सिम त्यातल्या एकावरच चालेल असंही होऊ शकतं. शहरात काही जाणवत नाही, सगळीकडे भरपूर रेंज असते. फरक कळतो शहर सोडल्यावर. एका डोंगराळ भागात बसची वाट बघत होते, माझ्या फोनवर रेंजची एक काडी नाही, आणि शेजारच्या बाकावरच्या मुली आरामात व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. म्हटलं रेंज इथे आहे, फक्त माझ्या फोनला मिळत नाहीये. सेटिंगमध्ये ईसिमच्या लाईनवर गेले, नेटवर्क निवडण्याचं ऑटोमॅटिक बंद केलं, मिनिटभर गोल फिरत राहिलं आणि मग तिथल्या नेटवर्कची यादी आली. पहिलं निवडलं तर नकार आला, दुसरं निवडलं तर लगेच ४जी आलं आणि बस किती मिनिटांत येतेय ते दिसायला लागलं. हे जमलं कारण त्या प्लॅनमध्ये दोन नेटवर्कची परवानगी होती. दुसऱ्या एका कंपनीच्या प्लॅनमध्ये एकच नेटवर्क होतं, तिथे अशीच वेळ आली तेव्हा हात चोळत बसण्याशिवाय काही करता आलं नाही. तेव्हापासून एकच नेटवर्क असलेला प्लॅन मी फक्त मोठ्या शहरातल्या दोन-तीन दिवसांसाठी घेते. आणि हो, असं हाताने नेटवर्क निवडलं तर तो भाग सोडताना ऑटोमॅटिक परत चालू करायचं, नाहीतर पुढच्या देशात फोन तेच जुनं नेटवर्क शोधत बसतो.

दुसरी गोष्ट डेटा कुठून बाहेर पडतो ती. याबद्दल फार कमी लोक बोलतात आणि मला सगळ्यात जास्त फरक इथेच दिसला. रोमिंगमध्ये बहुतेक वेळा तुमचा डेटा तिथल्या टॉवरवरून थेट इंटरनेटवर जात नाही, ज्या कंपनीचं मूळ सिम आहे तिच्या देशात आधी जातो आणि तिथून बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही युरोपात बसलाय आणि सिम मुळात हाँगकाँगच्या कंपनीचं असेल तर वेबसाइटला तुम्ही हाँगकाँगमध्ये दिसता. हिशोब करून बघा, साधारण ९ हजार किलोमीटर. ज्या शहरात बसलाय तिथल्याच सर्व्हरवरचं पान उघडायचं तरी मागणी ९ हजार जाणार, ९ हजार परत येणार, आणि उत्तरही त्याच रस्त्याने, एकूण ३६ हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतराचेच १८० मिलिसेकंद गेले, बाकीचं वेगळं. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा मस्त दिसतो, पण व्हिडिओ मीटिंगमध्ये तुम्ही बोललेलं समोर उशिरा पोचतं आणि दोघं एकदम बोलायला लागता. माझं काम मीटिंगचं आहे म्हणून मला हे फार खटकतं, नुसते फोटो पाठवायचे आणि नकाशा बघायचा असेल तर कळणारही नाही. बाकीचे त्रासही असतात, सर्चचं पान भलत्याच भाषेत उघडतं, बँकेचं ॲप नवीन देश दिसला म्हणून परत ओळख पटवायला लावतं, तिकिटाची एखादी साइट उघडतच नाही.

चीनमध्ये मात्र हीच गोष्ट कामाला येते. तिथलं लोकल सिम किंवा हॉटेलचं वायफाय घेतलं तर गूगल, व्हॉट्सॲप चालत नाही, पण बाहेरच्या सिमवर रोमिंगमध्ये असाल तर डेटा बाहेरच्या देशातून निघतो, त्यामुळे हे सगळं व्हीपीएनशिवाय (असा ब्लॉक चुकवायला वापरतात त्या ॲपशिवाय) चालतं. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की ईसिम घ्या आणि हॉटेलच्या वायफायवर विसंबून राहू नका.

हे घ्यायच्या आधी कसं कळणार, तर सपोर्टला सरळ विचारा की आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, कुठल्या देशाचा मिळेल. चांगल्या कंपन्या सांगतात. जिथे गोलगोल उत्तर आलं तिथे मी फक्त सगळ्यात छोटा प्लॅन घेऊन बघते, बरं वाटलं तर टॉप-अप करते.

अनलिमिटेडबद्दल माझं मत आता पक्कं झालंय, बहुतेकांना त्याची गरज नसते. बऱ्याच प्लॅनमध्ये दिवसाला ठरावीक डेटा पूर्ण स्पीडने मिळतो आणि मग स्पीड पाडतात, काही ठिकाणी थेट ५१२ केबीपीएसवर. ते म्हणजे सेकंदाला ६४ किलोबाइट, ५ एमबीचा एक फोटो जायला ८० सेकंद. चॅट चालतं, नकाशा रडतखडत चालतो, व्हिडिओ विसरा. वर त्यातल्या काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉटच बंद असतो किंवा त्याला वेगळी मर्यादा असते, लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी हे आधी वाचाच. त्यापेक्षा डेटा कुठे जातो ते बघितलं तर ठरावीक जीबीत आरामात भागतं. नकाशे, मेल, चॅट याला फार लागत नाही, खाणारे वेगळेच असतात, फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, ॲपचे अपडेट आणि स्क्रोल करताना आपणहून सुरू होणारे व्हिडिओ. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतो. मी ईसिमच्या लाईनवर डेटा सेव्हर चालू ठेवते, बॅकअप फक्त वायफायवर, आणि जिथे जायचंय तिथला नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवते, एवढ्याने भागतं.

सेटिंगचं थोडं लिहिते कारण यातच लोक सगळ्यात जास्त अडकतात. ईसिमच्या लाईनवर डेटा रोमिंग चालू लागतंच, कारण ते सिम मुळातच रोमिंगवर असतं, ते बंद ठेवलं तर रेंज दिसते पण नेट नाही. आणि आपल्या नेहमीच्या सिमवर डेटा रोमिंग बंद. आयफोनमध्ये मोबाईल डेटा एका लाईनवरून दुसरीवर आपोआप जाऊ द्यायचा एक पर्याय असतो, तोही बंद, नाहीतर ईसिमची रेंज गेली की फोन नेहमीच्या सिमचा डेटा वापरायला जाऊ शकतो. एवढं सगळं करूनही नेट आलं नाही तर एपीएन बघा, म्हणजे फोनने कुठल्या वाटेने नेटला जोडायचं ते सांगणारं सेटिंगमधलं नाव. एका खंडाच्या प्लॅनवर मला पहिल्या दिवशी नेटच मिळालं नाही, सपोर्टवाले एकामागून एक स्क्रीनशॉट मागत राहिले आणि शेवटी त्यांच्याच पहिल्या मेलमध्ये तळाला दिलेला एपीएनचा एक शब्द हाताने टाकल्यावर दहा सेकंदात चालू झालं. तो मेल ऑफलाइन सेव्ह करून ठेवत जा, नेट नसताना तो उघडणार कसा?

ओटीपीसाठी नेहमीचं सिम चालूच ठेवायचं. बऱ्याच कंपन्यांमध्ये रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, येणाऱ्या कॉलला मात्र पडू शकतात, आणि रोमिंग निघायच्या आधी चालू करून घ्यावं लागतं, तिकडे पोचून करायला गेलात तर त्यालाही ओटीपी लागतो. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झालं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये, म्हणून अशा देशात जाताना तुमच्या कंपनीचं व्होल्टी (४जीवरून होणारे कॉल) रोमिंग तिथे आहे का तेही विचारा, नाहीतर कॉल येणारच नाहीत. व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का विचारतं, नाही म्हणायचं, जुनाच नंबर छान चालतो. आईला पहिल्यांदा एकटीला पाठवलं तेव्हा मी हे सगळं घरीच करून दिलं होतं, तिने फक्त उतरल्यावर विमान मोड काढला आणि तिथूनच मला व्हिडिओ कॉल केला. जाऊन सिमच्या काउंटरवर रांग लावायची नाही, पासपोर्ट काढून दाखवायचा नाही, तिच्यासाठी हे फार मोलाचं होतं.

इन्स्टॉल कायम निघायच्या आधी, चांगल्या वायफायवर. फक्त वैधता कधीपासून मोजतात ते बघा, काहींची इन्स्टॉल केल्यापासून, काहींची पहिल्यांदा नेटवर्कला जोडल्यापासून. क्यूआर कोड बहुतेक एकदाच चालतो, म्हणून चालत नाही म्हणून रागाने ईसिम डिलीट करू नका, डिलीट केलं की बऱ्याचदा परत मिळत नाही. आणि तिकडे गेल्यावर घेऊ म्हणाल तर तुर्कस्तानात २०२५ मध्ये बऱ्याच परदेशी ईसिम कंपन्यांच्या वेबसाइट आणि ॲप ब्लॉक झाली, म्हणजे आत गेल्यावर विकत घेणंच अवघड.

युरोपवाल्या प्लॅनमध्ये देशांची यादी एकेक नाव घेऊन वाचा. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमध्ये रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढवलाय, नॉर्वे आणि आइसलँडही त्यात येतात. पण स्वित्झर्लंड त्यात नाही, ब्रिटनही आता नाही. जिनिव्हा किंवा बासेलजवळ असाल तर फोन क्षणात या देशाचा टॉवर पकडतो क्षणात त्या देशाचा, प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नसेल तर नेट मधेच गायब होतं. क्रूझवर तर विमान मोडच ठेवा, समुद्रात जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवालं नेटवर्क असतं आणि नेहमीचं सिम त्याला चिकटलं तर बिल भयंकर येऊ शकतं.

लोकल सिम कधी घ्यावं? महिनाभर किंवा जास्त एकाच देशात राहायचं असेल तर माझं मत लोकलच. डेटा तिथल्या तिथे बाहेर पडतो म्हणून मीटिंग छान होतात आणि तिथला नंबर मिळतो, जो टॅक्सीच्या किंवा डिलिव्हरीच्या ॲपला बऱ्याचदा लागतोच. ट्रॅव्हल ईसिममध्ये बहुतेक वेळा नंबर नसतो, फक्त डेटा. तीन-चार जण कायम एकत्र फिरणार असाल तर पॉकेट वायफायही (सगळ्यांना नेट देणारं खिशातलं छोटं यंत्र) ठीक, पण तो चार्ज करत बसा आणि वेगळं कुणी गेलं की त्याचं नेट गेलं, मला नाही आवडत.

एक काळजी मात्र अजून मनात आहे. प्रवासात फोन फुटला किंवा चोरीला गेला तर साधं सिम असलं की ते बदलून मिळतं किंवा काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, ईसिमचं तसं नाही, नव्या फोनवर आणायला कंपनीची मदत लागते आणि ओळख पटवायला बऱ्याचदा त्याच नंबरवर ओटीपी येतो. म्हणून ज्यांच्या फोनमध्ये अजून सिमचा ट्रे आहे त्यांनी नेहमीचा नंबर साध्या सिममध्येच राहू द्या आणि फक्त प्रवासाचा डेटा ईसिमवर घ्या. ज्यांच्या फोनला ट्रेच नाही त्यांनी बँकेची आणि मेलची खाती ओटीपीशिवाय उघडायचा दुसरा मार्ग, म्हणजे ऑथेंटिकेटर ॲप किंवा कागदावर लिहिलेले बॅकअप कोड, निघायच्या आधी तयार ठेवा. मी ते कोड सामानात फोनपासून वेगळे ठेवते.