शेजारचा संगणक दिसत नाही तेव्हा : विंडोजमधील नेटवर्क शेअरिंगचे परीक्षण

एकाच राउटरला जोडलेल्या दोन संगणकांवर इंटरनेट सुरळीत चालू असते, वायफायच्या रेघा भरलेल्या असतात, आणि तरीही फाइल एक्सप्लोररमधील 'नेटवर्क' उघडले की शेजारच्या खोलीतील संगणकाचा पत्ता नसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये यासाठी तीन गोष्टी अंगभूत दिलेल्या आहेत: संगणक शोधून त्यांची यादी दाखवणारी नेटवर्क डिस्कव्हरी, प्रत्यक्ष फाइल देणारे-घेणारे फाइल शेअरिंग आणि बिघाड शोधून देण्याचे आश्वासन देणारा ट्रबलशूटर. या तिन्हींना एकच गुण देणे अन्यायाचे होईल. फाइल शेअरिंग भक्कम आहे आणि ते मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन. यादी मात्र भरवशाची नाही, आणि ट्रबलशूटर या विशिष्ट अडचणीत फारसा उपयोगी पडत नाही.

या सुविधेची मोठी उणीव अशी, की 'दिसत नाही' आणि 'पोहोचता येत नाही' या दोन वेगळ्या अवस्था ती वापरकर्त्याला वेगळ्या करून सांगत नाही. यादी तयार करण्याचे काम एक यंत्रणा करते आणि फाइल पोहोचवण्याचे काम दुसरीच. यादीत नाव नसलेला संगणक अनेकदा व्यवस्थित फाइल देत असतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करतात, विंडोज नव्याने बसवतात, नवी केबल विकत आणतात, आणि आग सोमेश्वरी तर बंब रामेश्वरी अशी गत होते.

म्हणून पहिली तपासणी यादीत करू नये. ज्या संगणकापर्यंत जायचे आहे त्यावर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी आणि आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्या संगणकाला ओळखणारा आकडा, टिपून घ्यावा. समजा तो १९२.१६८.१.२५ आहे. मग दुसऱ्या संगणकाच्या फाइल एक्सप्लोररमध्ये, वरच्या पत्त्याच्या पट्टीत, दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना लागून हा पत्ता, म्हणजे \\१९२.१६८.१.२५, असे इंग्रजी आकड्यांत लिहून एंटर दाबावे. शेअर केलेले फोल्डर समोर आले किंवा नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट उघडली, तर जोडणी ठीक आहे आणि दोष फक्त यादीचा आहे. काहीच उघडले नाही, तर मात्र खाली उतरून पाहावे लागते. अर्ध्या मिनिटाच्या या एका तपासणीने कामाचे क्षेत्र निम्मे होते, आणि ट्रबलशूटर नेमकी हीच तपासणी वापरकर्त्याला सुचवत नाही, याचे मला वाईट वाटते.

यादी इतकी बेभरवशाची का, याला इतिहास आहे. जुन्या विंडोजमध्ये घरातील संगणक आपापसांत एक 'मास्टर ब्राउझर' निवडत आणि तो सर्वांची नोंद ठेवत असे. प्रत्येक संगणक साधारण १२ मिनिटांनी आपली हजेरी देई, आणि सलग तीन हजेऱ्या चुकल्यावरच, म्हणजे ३६ मिनिटांनी, त्याचे नाव यादीतून काढले जाई. बंद केलेला संगणक अर्धा तास यादीत दिसत राहतो आणि नुकताच चालू केलेला दिसत नाही, या जुन्या अनुभवाचे मूळ तिथे होते. ही व्यवस्था एसएमबी १ या जुन्या प्रोटोकॉलवर, म्हणजे फाइल देण्याघेण्यासाठी संगणकांनी पाळायच्या नियमांच्या पहिल्या आवृत्तीवर, टेकलेली होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने त्याच प्रोटोकॉलमधील त्रुटीचा फायदा घेऊन जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज बसवताना एसएमबी १ मुळात दिले जाईनासे झाले, आणि त्याबरोबर जुनी यादीही गेली. घरगुती वापरासाठी २००९ मध्ये विंडोज ७ सोबत आलेला होमग्रुप २०१८ मधील १८०३ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने एसएमबी १ ला निरोप देणे पूर्ण योग्य होते. मात्र त्याच्या जागी काय आले आणि ते कसे चालू ठेवायचे, हे घरगुती वापरकर्त्याला कोणी नीट समजावून दिले नाही.

आता यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या पद्धतीने बनते. प्रत्येक संगणक यूडीपी या संदेशपद्धतीच्या ३७०२ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे ठरावीक कामासाठीचे क्रमांकित दार) २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर 'मी इथे आहे' अशी घोषणा करतो आणि इतरांच्या घोषणा ऐकतो. या कामासाठी दोन सेवा लागतात: ऐकण्यासाठी 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' आणि घोषणा करण्यासाठी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन'. यांपैकी दुसरी सेवा बंद असेल तर तो संगणक इतरांना पाहू शकतो, पण स्वतः कोणालाच दिसत नाही. एका बाजूने दिसते आणि दुसऱ्या बाजूने दिसत नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इथेच मिळते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन या सेवेचा प्रारंभ 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' असा करून ठेवला की संगणक चालू झाल्यावर ती आपोआप उभी राहते. या प्रकारच्या अडचणीत इतका लहान आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा नाही असे मी म्हणेन. फाइल एक्सप्लोररच्या तपशील दृश्यात 'डिस्कव्हरी मेथड' हा स्तंभही जोडता येतो. कोणता संगणक कोणत्या पद्धतीने सापडला ते त्यात दिसते. इतका उपयोगी स्तंभ मुळात लपवलेला का आहे, हे कळत नाही.

नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट', हा प्रश्न सर्वांना माहीत असतो आणि तरीही तोच सर्वाधिक वेळा दुर्लक्षित राहतो. नवे वायफाय जोडताना विंडोज ११ सहसा त्याला पब्लिक मानते आणि त्या पर्यायापुढे 'शिफारस केलेले' असेही लिहिते. कॉफीच्या दुकानातील किंवा विमानतळावरील वायफायसाठी ही शिफारस रास्त आहे. घरात मात्र तिच्यामुळे शोध बंद राहतो आणि फायरवॉल शेजारच्या संगणकाला दारातूनच परत पाठवते. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन दोन्ही संगणकांवर प्रायव्हेट निवडावे. त्यानंतर 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू आहेत ना, हे पाहावे. राउटर बदलला, केबलऐवजी वायफाय वापरले किंवा व्हीपीएन बसवले की विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क ठरू शकते आणि निवड पुन्हा पब्लिकवर जाऊ शकते. म्हणून 'मी हे पूर्वीच केले होते' या आठवणीवर न विसंबता पुन्हा उघडून पाहावे.

पत्ता टाकूनही काही उघडत नसेल तर पिंगकडे, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहणाऱ्या आज्ञेकडे, वळावे, आणि त्याचे उत्तर नीट वाचावे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' ही दोन उत्तरे बहुतेक जण एकच समजतात, पण त्यांचे अर्थ निरनिराळे आहेत. एकाच नेटवर्कमधील संगणकाला पिंग पाठवण्यापूर्वी विंडोज एआरपीद्वारे 'हा पत्ता कोणाकडे आहे' असे विचारते. या प्रश्नालाच उत्तर आले नाही, तर आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून 'होस्ट अनरीचेबल' असे कळवले जाते. याचा अर्थ समोरचा संगणक बंद किंवा निद्रावस्थेत आहे, किंवा मध्ये राउटरने भिंत घातली आहे. 'टाइम्ड आउट' आले तर एआरपी -ए ही आज्ञा देऊन पाहावे: समोरच्या संगणकाचा आयपी पत्ता आणि त्यापुढे त्याचा हार्डवेअर पत्ता दिसला, तर तो संगणक तारेच्या दुसऱ्या टोकाला जागा आहे आणि त्याची फायरवॉल फक्त गप्प बसली आहे. मग राउटरला हात लावण्याचे कारण उरत नाही. पॉवरशेल या विंडोजमधील आज्ञांच्या दुसऱ्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा ४४५ क्रमांकाच्या पोर्टसह चालवली तर याहूनही नेमके कळते, कारण फाइल शेअरिंग त्याच पोर्टवर चालते. पिंगला उत्तर न देणारा संगणक ४४५ वर उत्तर देऊ शकतो.

राउटरकडील कारणे मोजकी आहेत. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जोडलेला लॅपटॉप मुख्य नेटवर्कवरील संगणकाला सहसा दिसत नाही, कारण ती सोय त्यासाठीच असते. 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचा पर्याय चालू असेल तर वायफायवरील उपकरणे इंटरनेटपर्यंत जातात, पण एकमेकांपर्यंत नाही. सिग्नल वाढवण्यासाठी दुसरा राउटर आणून त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे इंटरनेटच्या केबलसाठीच्या खाचेला, केबल जोडली, तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात; एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.० ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर हीच शंका घ्यावी आणि दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणून, म्हणजे वेगळे नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पुरवण्यासाठी, चालवावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

पासवर्डची चौकट येऊनही आत जाता येत नाही, हा भाग मला सर्वांत त्रासदायक वाटतो, कारण इथे वापरकर्ता यशाच्या उंबरठ्यावर असतो आणि त्याची काहीही चूक नसते. आज बहुतेक लोक चार अंकी पिन टाकून संगणक उघडतात. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खाते वापरत असल्यास नावाच्या जागी ईमेलचा पूर्ण पत्ता. अनेकांना तो पासवर्ड आठवत नाही, काहींनी पासवर्डविरहित खाते स्वीकारलेले असते. ज्या स्थानिक खात्याला पासवर्डच नाही, त्यानेही नेटवर्कवरून आत येता येत नाही. विंडोजचा तसा सुरक्षा-नियम आहे. चौकटीवर बहुतेक वेळा यातले काहीही लिहिलेले नसते, 'पासवर्ड चुकीचा आहे' एवढेच येते. यावर माझा ठाम सल्ला असा, की फाइल देणाऱ्या संगणकावर फक्त शेअरिंगसाठी एक स्वतंत्र स्थानिक खाते काढावे, त्याला नीट पासवर्ड द्यावा, शेअर केलेल्या फोल्डरवर त्याच खात्याला परवानगी द्यावी, आणि दुसऱ्या संगणकावर ते नाव-पासवर्ड जतन करावे. पूर्वी चुकीचा पासवर्ड जतन झाला असेल तर तो 'क्रेडेन्शियल मॅनेजर' या जतन केलेल्या पासवर्डांच्या यादीतून आधी काढून टाकावा लागतो.

पासवर्ड-संरक्षण सरसकट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी देणार नाही. घरातील प्रत्येक फोन, दूरचित्रवाणी संच आणि पाहुण्याचा लॅपटॉप त्याच नेटवर्कवर असतो. शिवाय तो मार्ग आता बंदही होत चालला आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीच्या प्रो प्रकारात बिनपासवर्डी पाहुणा प्रवेश मुळातच बंद आहे आणि प्रत्येक एसएमबी जोडणीवर डिजिटल स्वाक्षरी अनिवार्य आहे. अपडेटनंतर राउटरला लावलेली हार्ड डिस्क किंवा जुने नेटवर्क स्टोरेज अचानक उघडेनासे झाले, तर कारण बहुधा हेच असते.

बिघाडाच्या संदेशांविषयी बोलल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही. ०एक्स८००७००३५ हा क्रमांक आणि 'नेटवर्क पाथ सापडला नाही' हे वाक्य वर सांगितलेल्या डझनभर कारणांपैकी कोणत्याही कारणाने येऊ शकते: नाव ओळखले गेले नाही, फायरवॉलने अडवले, संगणक झोपलेला आहे, नेटवर्क वेगळे आहे. संदेश मूळ कारणाबाबत ताकास तूर लागू देत नाही. खरे तर एआरपीचे उत्तर आले का, ४४५ पोर्ट उघडा आहे का, नाव-पासवर्ड नाकारले गेले का, ही सर्व माहिती मिळवण्याची साधने विंडोजमध्येच आहेत. ती एका पडद्यावर क्रमाने दाखवली असती तर निम्म्या घरांतील अडचण वापरकर्त्यानेच सोडवली असती. ट्रबलशूटर मात्र इंटरनेट चालू आहे का, एवढ्यावर समाधान मानतो, आणि ते तर आधीपासून चालूच असते.

जमेच्या बाजूला मोठे वजन टाकायला हवे. एकदा जोडणी बसली की एसएमबीच्या नव्या आवृत्त्या वेगवान आणि विश्वासार्ह आहेत, कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, आणि मॅक व लिनक्सशीही त्या जुळवून घेतात. मॅकवर २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून फाइल शेअरिंगसाठी एसएमबीच मुख्य प्रोटोकॉल आहे. लिनक्सवर साम्बा हे सॉफ्टवेअर हे काम चोख करते. फक्त साम्बा स्वतः डब्ल्यूएस-डिस्कव्हरीची घोषणा करत नाही, म्हणून विंडोजच्या यादीत तो संगणक दिसावा यासाठी डब्ल्यूएसडीडी नावाची छोटी सेवा सोबत चालवावी लागते.

रोजच्या वापरासाठी यादीवर अवलंबून राहण्याची गरजही नाही. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे संगणकांना पत्ते वाटण्याच्या, सेटिंगमध्ये फाइल देणाऱ्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवावा, त्या पत्त्याने शेअर केलेले फोल्डर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'मधून एखाद्या अक्षराला जोडावे आणि साइन-इनच्या वेळी पुन्हा जोडण्याची खूण करून ठेवावी. संगणकाचे नाव १५ अक्षरांच्या आत ठेवावे आणि घरात दोन संगणकांना एकच नाव देऊ नये. जुन्या स्टोरेजसाठी एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा मोह टाळावा. त्याच्या उत्पादकाचे नवे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअर, मिळते का ते आधी पाहावे, आणि मिळत नसेल तर त्यावरील फाइल दुसरीकडे हलवून ते उपकरण नेटवर्कवरून काढून टाकावे.