वॉन फ्रे फिलामेंटची पेटी: घ्या, पण आधी वजनकाट्यावर दाबून बघा

एम.फार्मच्या प्रोजेक्टसाठी ही पेटी मागवली, 20 नायलॉनच्या तारा, प्रत्येकीच्या दांडीवर ग्रॅम छापलेले, म्हणजे किती जोर लावल्यावर ती वाकती तो आकडा. संभाजीनगरला पोचायला तीन आठवडे लागले आणि एक तार मुळातच वाकडी निघाली, फोन केला तर म्हणे तशीच असती. चार फोन झाल्यावर बदलून दिली.

माझं काम डायबेटिक न्यूरोपॅथीवर (शुगरमुळं नसा बिघडतात ते), विस्टार जातीच्या लॅबमधल्या रॅटवर. स्ट्रेप्टोझोटोसिन (रॅटला डायबेटिस करणारं रसायन) थंडगार सायट्रेट बफरमधी ताजं बनवून टोचायचं, 72 तासांनी शुगर बघायची, 250 च्या वर गेले तेवढेच घ्यायचे, मग काही आठवड्यांत नसा बिघडायला लागतात आणि नुसता स्पर्श बी दुखायला लागतो. तेच मोजायला ही तार. रॅट जाळीवर ठेवायचा, तो शांत होईपर्यंत गप बसायचं (माझा तर अर्धा दिवस ह्यातच जातो), मग खालून तळव्याला तार टेकवून वाकेपर्यंत दाबायची, पाय झटकला की रीडिंग. 15 ग्रॅमच्या वर जायचं नाही, तिथून पुढं जाड तार पायच उचलती. बाबांच्या तळपायाला डॉक्टर जी 10 ग्रॅमची तार टेकवतात ती ह्याच घराण्यातली.

आता खरी तक्रार. मे महिन्यात कंट्रोलचे (डायबेटिस न केलेले) रॅट बी लवकर पाय झटकायले, मला वाटलं माझाच हात जड झाला. शेवटी तार वजनकाट्यावर उभी दाबून बघितली तर 4 ग्रॅमची तार 5 च्या जवळ दाखवायली. नायलॉन हवेतला ओलावा पितं, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ताठ होतं, पावसाळ्यात मऊ पडतं. म्हणजे मे मधी सुरू करून जुलैमधी संपवलं तर पाय झटकायचा छापील आकडा आपोआप वाढणार आणि आपण खुश की ज्याची चाचणी चाललीय ते औषध लागू पडलं! सोबत औषध न दिलेला डायबेटिक ग्रुप नसता तर मी पण फसले असते. पेटीसोबतच्या कागदावर ह्याबद्दल एक ओळ नाही, एवढे पैसे घेता तर लिहा की राव.

बाकी माल चांगला आहे, दांड्या मजबूत, रॅटनं दोनदा चावून बी टिकल्या. पाचपैकी साडेतीन. मी आता रोज सकाळी प्रत्येक तार काट्यावर दाबून खरा आकडा वहीत लिहिते, रूममधला ओलावा बी लिहिते, वीस मिनिटं जातात.