स्वस्तातला वूफर घ्यावा, की नुसते दोन मोठे स्पीकर?

माझा पहिला वूफरवाला सेट पुण्याच्या तपकीर गल्लीतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५०० वॅट पीएमपीओ’. घरी आणून वूफर उलटा केला, तर मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत वीजवापर लिहिलेला: २५ वॅट. पंचवीस वॅट घेऊन दीड हजार बाहेर टाकणारं यंत्र खरंच असतं, तर महावितरणवाले दारात रांग लावून बसले असते. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा. तेव्हापासून मी तो वाचतच नाही. आरएमएस, म्हणजे सतत वाजताना खरी मिळणारी ताकद किती, तेवढंच विचारतो. दुकानदार आढेवेढे घ्यायला लागला की पुढचं दुकान.

परवा भाच्याने विचारलं, “मामा, संगणकाला लावायला वूफरवाला सेट सांग. स्वस्त हवा, पण दणका पाहिजे.” त्याला उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की अशा खरेदीत खरी निवड तीन प्रकारांत आहे. त्यातला एक प्रकार वूफरच नसलेला आहे.

आधी वूफरवाल्या सेटची गोम. स्वस्तातले बाजूचे स्पीकर दोन-अडीच इंची असतात. त्यांना खालचे सूर झेपत नाहीत. १५०-२०० हर्ट्झच्या खालचं सगळं वूफरकडे ढकललेलं असतं. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये येतो. म्हणजे बातम्या देणाऱ्याचा अर्धा आवाज मॉनिटरशेजारून येणार आणि अर्धा टेबलाखालून. फार खालच्या सुरांची दिशा कानाला कळत नाही हे खरं, पण ती सवलत साधारण ८० हर्ट्झच्या खाली. दीडशेला कान बरोबर सांगतो, की बुवा पायापाशी बसलाय. त्यात वूफर आणि बाजूचे स्पीकर यांच्या मधल्या सुरांत बऱ्याचदा खड्डा पडतो. तबला ऐकून बघा. डग्गा घुमतो, चाट टणटणते, पण दोन्ही एकाच माणसाच्या हातून वाजतायत असं वाटत नाही.

म्हणून दुकानात जाताना दणक्याचं गाणं नेऊ नका. त्यावर कुठलाही वूफर भारीच वाटतो. रोजच्या ऐकण्यातलं एखादं भाषण, एखादा पखवाजावरचा अभंग मोबाइलमध्ये न्या आणि हळू आवाजात लावा. हळू आवाजातही शब्द स्वच्छ कळले तरच पुढचं बोलणं.

आता तिन्ही प्रकार शेजारी ठेवू.

पहिला यूएसबीवर चालणारा, क्रिएटिव्हच्या पेबल प्लससारखा. दोन इंची गोळे, चार इंची वूफर, सगळं मिळून ८ वॅटपर्यंत. आकडा ऐकून भाच्याने नाक मुरडलं. पण हे गोळे ४५ अंशांत वर बघतात, थेट कानाकडे. टेबलावर हातभर अंतरावर बसणाऱ्याला ते पुरतात, आणि वेगळा प्लग लागत नाही. एकाच एक्सटेन्शनवर मॉनिटर, राउटर, चार्जर आणि मच्छरचं मशीन लटकलेलं असतं, त्या खोलीत ही लहान गोष्ट नाही. खोलीभर आवाज मात्र मागू नका.

दुसरा भिंतीतल्या विजेवर चालणारा नेहमीचा सेट. लॉजिटेकचा झेड-३१३ घ्या. आरएमएस २५ वॅट: १५ वूफरला, ५-५ बाजूच्यांना. त्याचा थोरला भाऊ झेड-३३३, एकूण ४० वॅट. कागदावर दीडपटीहून जास्त, कानाला जेमतेम २ डेसिबलचा फरक. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तरीही मी थोरला घ्या म्हणेन, आणि कारण वॅट नाही. त्याच्या वूफरवर बेस कमी-जास्त करायचं वेगळं बटण आहे, धाकट्याला नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी या किमतीतली सगळ्यात कामाची सोय तीच. रात्री साडेदहाला आवाज कमी केला तरी धमधम भिंतीतून पलीकडे जातेच. शेजारच्या काकूंना संवाद ऐकू येत नाहीत, फक्त ठोके ऐकू येतात, आणि त्याचाच जास्त राग येतो. बेस उतरवता आला की संबंध टिकतात.

तिसरा वूफर नसलेला. एडिफायरचा आर-१२८०टी. लाकडी पेट्या, चार इंची स्पीकर, वर तारस्वरांसाठी वेगळा छोटा स्पीकर, मिळून ४२ वॅट आरएमएस. किंमत दुसऱ्या प्रकारापेक्षा चांगलीच जास्त. वीतभर उंच पेट्या टेबलाची जागा खातात, ही खरी अडचण. पण इथे माणसाचा आवाज एकाच पेटीतून येतो, तबला एकसंध लागतो. पोटात धक्का देणारा तळाचा बेस मिळत नाही. सिनेमातला स्फोट इथे ‘ढुम’ न होता ‘ढप्’ होतो. याचाच आर-१२८०डीबीएस हा प्रकार घेतला, तर मागे वूफर जोडायची जागा असते. आज दोन पेट्या घ्या, वर्ष-दोन वर्षांनी पैसे जमले की खाली वूफर लावा. नेहमीच्या सेटमध्ये हा रस्ताच नाही. तिथे अँप्लिफायर बहुतेक वेळा वूफरच्या पेटीत बसवलेला असतो. तो गेला की तिन्ही पेट्या गेल्या.

जुना सेट घरात असेल, तर बदलण्याआधी दोन गोष्टी करून बघा. पहिली बारीकसारीक दुरुस्तीची. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली, तर दोष स्पीकरचा नाही, अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. काहीशे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर वायरमध्ये बसवला की काम झालं. बटण फिरवताना खरखर होत असेल, तर सेट बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीसेक वेळा फिरवा.

दुसरी गोष्ट वूफरच्या जागेची. माझा टेबलाखाली कोपऱ्यात होता. दोन भिंतींच्या बेचक्यात बेस फुगतो, सगळं एकसुरी घुमतं. लेखण्यांचा डबा थरथरायचा, कपाटाची कडी वाजायची. मग एक जुनी युक्ती केली. वूफर माझ्या बसायच्या खुर्चीवर ठेवला, एक संथ बेसचं गाणं लावलं आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरलो. आई दारात येऊन म्हणाली, “काय हरवलं?” जिथे बेस फुगलेला नव्हता आणि प्रत्येक सूर वेगळा कळत होता, अशी जागा सापडली पुस्तकांच्या मांडणीशेजारी, कोपऱ्यापासून दोन हात लांब. वूफर तिथे नेला. त्या दिवशी एक रुपया न घालवता जेवढा फरक पडला, तेवढा नंतर पैसे घालूनही कधी पडला नाही.

कोणी सेकंडहँड झेड-६२३ दाखवला तर मोह होईल. २०० वॅट, त्यातले १३० एकट्या वूफरला, वर टीएचएक्सचा, म्हणजे सिनेमाच्या आवाजाचा दर्जा तपासणाऱ्या कंपनीचा शिक्का. मोठ्या हॉलला झकास, दहा बाय दहाच्या खोलीत निव्वळ भांडण. घ्यायचाच तर आधी उजव्या स्पीकरची तार तपासा. तिचा प्लग जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए केबलसारखा असतो. त्यातली एखादी पिन वाकलेली असेल तर घेऊ नका, कारण सगळी बटणं त्याच स्पीकरवर आहेत.

भाच्याची खोली भाड्याची, भिंती पातळ, टेबल अडीच फुटी, आणि तो रात्री गेम खेळतो. त्याला मी झेड-३३३ सांगितला, बेसचं बटण निम्म्याच्या खाली ठेवायच्या अटीवर. तो भाड्याची खोली सोडून स्वतःच्या घरात गेला असता, तर लाकडी पेट्या सांगितल्या असत्या. त्याने सेट घेतला. अट पाळतोय की नाही ते त्याच्या घरमालकाला विचारायला हवं.